सत्तावन्नच्या पुढे

माझ्या थोरल्या भावाने स्वतःच्या मरणाची तयारी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी सुरू केली, आणि ती इतकी नीटनेटकी केली की बघणाऱ्याला हेवा वाटावा. दादा फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनियर. मशीन बंद पडायच्या आधीच तिची देखभाल करायची, हाच त्याचा पेशा. त्याने वहिनीला गाडी चालवायला शिकवली, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला शिकवलं, बँकेत बरोबर नेऊन प्रत्येक खात्यावर तिचं नाव घातलं. सोसायटीच्या कमिटीचा राजीनामा दिला. डावीकडची दाढ काढावी लागली तेव्हा नवी बसवली नाही. "किती वर्षं चावायचंय आता?" म्हणाला. कोपरावर विरलेला स्वेटर घालून तो हिवाळेच्या हिवाळे काढायचा, आणि वहिनीने नव्याचा विषय काढला की तिलाही हेच उत्तर मिळायचं. या सगळ्या तयारीत फक्त एक गोष्ट नव्हती. आपण न मरण्यासाठी काही करता येतं का, हे त्याने बघितलं नव्हतं.

कारण घराण्यात होतं. आजोबा चोपन्नाव्या वर्षी जेवून पानावरून उठले आणि हात धुवायच्या आत गेले. वडील बावन्नाव्या वर्षी, दिल्लीच्या ऐन थंडीत, ऑफिसला निघताना बूट घालायला खाली वाकले ते पुन्हा उठलेच नाहीत. थोरले काका नागपूरला बँकेच्या रांगेत उभे असताना सत्तावन्नाव्या वर्षी कोसळले. घराण्यातला विक्रम काकांच्या नावावर होता. "आपल्यातले पुरुष लवकर जातात," असं आमच्याकडे म्हणायचे, आणि ते कुणी रडून म्हणत नसे. दुसऱ्यांच्या घरी 'आमच्यात सगळ्यांचे डोळे घारे' म्हणतात, त्याच सुरात. दादा ते ऐकतच मोठा झाला. वडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी पंधरा. वडिलांच्या बुटाची अर्धवट बांधलेली नाडी त्याने स्वतः सोडली होती. त्यामुळे त्याला नुसतं वेडा म्हणून मोकळं होता येत नव्हतं.

माझी गंमत अशी की लोक कशाने मरतात हे मोजणं हीच माझी नोकरी. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी गेली तीस वर्षं मृत्यूची कारणं वर्गवार लावते. हे काम सांगितलं की समोरचा माणूस लगेच हवापाण्याच्या गप्पा काढतो. लग्न मी केलं नाही, त्याचं कारण लोक माझ्या कामात शोधतात. खरं कारण माझ्या जिभेत आहे. वडील गेल्यावर आईला त्यांच्याच खात्यात अनुकंपेवर नोकरी मिळाली, तिने आम्हा दोघांना वाढवलं, आणि आता ती माझ्याजवळ सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. म्हणजे मी तिच्याजवळ राहते. हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगते.

कामात मला सर्वांत जास्त चीड कशाची येत असेल तर 'हृदय बंद पडल्याने मृत्यू' या वाक्याची. अहो, हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. बसखाली सापडलेल्याचंही पडतं आणि नव्वदीत झोपेत गेलेल्याचंही. हृदय का बंद पडलं, ते लिहा ना! पण डॉक्टर घाईत असतात, नातेवाईक दुःखात असतात, आणि आम्ही मागे बसून त्या एका वाक्यातून काय ओढून काढता येतं ते बघतो. एवढं करूनही वर्षांमागून वर्षं एकापुढे एक ठेवली की एक रेघ तयार होते. तापाने, जुलाबाने, क्षयाने जाणाऱ्यांची रेघ आपल्याकडे खाली येत गेली आणि हृदयविकाराची वर चढत गेली. तिच्या पाठीशी बहुतेक वेळा रक्तदाब असतो. तो दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. वर्षानुवर्षं घरात मुकाट बसून राहणाऱ्या पाहुण्यासारखा तो असतो आणि एक दिवस सगळं घर घेऊन जातो.

पण माझं या रेघेवर प्रेम आहे, आणि त्याला कारण आहे. ज्या देशांत ती आपल्या आधी चढली, तिथे पुढे जाऊन ती वाकली. तिथल्या माणसांची हृदयं काही बदलली नव्हती. सिगारेट कमी झाली, मीठ थोडं कमी झालं, लोक दाब मोजून घेऊ लागले आणि गोळी घेऊ लागले. झालं एवढंच. ती रेघ जिथे वाकते तिथे मी अजूनही क्षणभर थांबते. तिथे कितीतरी माणसं आहेत जी त्या वर्षी मेली नाहीत, आणि आपण वाचलो हे त्यांना स्वतःलाही माहीत नाही. सकाळी उठून चहा प्यायली असतील आणि कुणावर तरी खेकसली असतील.

हे मी दादाला एकदा लॅपटॉपवर दाखवलं. त्याने नीट बघितलं, इंजिनियर आहे, आलेख त्याला कळतो. मग म्हणाला, "बाईसाहेब, हे लोकांचं आहे. तुम्ही देश मोजता, मी घर मोजतो. आपल्या घरात तीन पुरुष आणि तीनही गेले. हंड्रेड पर्सेंट. याच्यावर बोला."

मी म्हटलं, "तीन माणसांवरून टक्केवारी काढणाऱ्याला आमच्याकडे पहिल्या दिवशी घरी पाठवतात."

"मग मी घरीच आहे," तो म्हणाला आणि पापड मोडून खाल्ला.

दाब त्याला होताच. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत निघाला होता. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, वहिनीने आणली, त्याने काही आठवडे घेतली, पुन्हा मोजलं तर दाब ठीक आला. ठीक आला म्हणून गोळी बंद. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की माझ्या धंद्यात तिच्यावर एक जुना ठोकताळाच आहे: दाब असणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो आहे हे माहीत नसतं, माहीत असणाऱ्यांतले निम्मे औषध घेत नाहीत, आणि घेणाऱ्यांतल्या निम्म्यांचाच ताब्यात असतो. दादा या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून होता आणि उठायला तयार नव्हता.

त्याच्याकडे वडिलांचा एक आधारही होता. वडील गेले त्याच वर्षी त्यांनी दवाखान्यात दाब मोजून घेतला होता. त्या काळी बऱ्याच डॉक्टरांच्या तोंडी एक हिशेब असायचा: शंभर अधिक वय, तेवढा दाब चालतो. वडिलांचं वय बावन्न, दाब एकशे पन्नासच्या आसपास. पठ्ठे परीक्षेत पहिले आल्यासारखे घरी आले. आईने शिरा केला. मला तो शिरा आठवतो, बदाम घातलेला. दादाने तो हिशेब पुढे तसाच चालू ठेवला. वय जसं वाढेल तसा त्याचा दाबही कायद्यात बसत जायचा. मी किती वेळा सांगितलं की हा हिशेब केव्हाच मोडीत निघाला, वय वाढलं म्हणून दाब वाढायची मुभा मिळत नाही. पण वडिलांचा शब्द खोटा पाडायचा म्हणजे वडील चुकीने गेले असं मानायचं. ते त्याला जमत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याचा हा भाग मला कळायचा, म्हणून मी तिथे गप्प बसायचे. बाकी ठिकाणी बसत नसे.

तो छप्पन्नचा झाला आणि आमच्या घरावर एक चमत्कारिक शांतता आली. काकांच्या विक्रमाला एकच वर्ष उरलं होतं. आई फोनची रिंग वाजली की हातातलं काम टाकून माझ्या चेहऱ्याकडे बघायची. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, मुनिरक्याला खोली घेऊन पीएचडी करते. ती दर दोन-तीन दिवसांनी माझ्या ऑफिसात फोन करून कुजबुजायची. "आत्या, बाबा बिल्कुल ऐकतच नाहीत यार. मी काय करू?" मी तिला धीर द्यायचे. माझ्याजवळ तिला देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

त्याच वर्षी संक्रांतीनंतर आमच्या ब्लॉकमध्ये हळदीकुंकू झालं. आमच्याकडे हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावतात, लग्न झालेली, न झालेली, नवरा गेलेली. यात सुधारणेचा भाग थोडा आणि नाइलाजाचा जास्त. दिल्लीत मुळात मराठी बायका मोजक्या. त्यातून पुन्हा सवाष्णी निवडायला बसलं तर तिळगूळ उरतो. तर आई आणि मी गेलो. यजमानीणबाईंची सून नुकतीच डॉक्टर झाली होती, आणि तिने ठरवलं होतं की या वर्षी प्लास्टिकच्या डब्या लुटायच्या नाहीत. आलेल्या प्रत्येक बाईचा दाब मोजायचा, हेच वाण. बायका कुजबुजल्या, पण वाण नाही कसं म्हणायचं? ते नाकारत नाहीत. एकेक जण कुंकू लावून घ्यायची, ओटीत बोरं-हरभरे घ्यायची, आणि मग दंडावर पट्टा बांधून घ्यायला खुर्चीत बसायची.

आईचा दाब एकोणऐंशीव्या वर्षी अगदी उत्तम निघाला. तिने चारचौघींत मान हलवून ते स्वीकारलं. मग मी बसले. पट्टा फुगला, सुटला. सुनेने आकडा बघितला आणि म्हणाली, "काकू, पाच मिनिटं शांत बसा, आपण परत घेऊ." परत घेतला. मग दुसऱ्या हातावर घेतला. मी विचारलं, "बिघडलंय का यंत्र?" ती म्हणाली, "तुमच्या आईंचा याच्यावरच घेतला ना." मला तिचा राग आला. खोलीभर बायका हातात तिळगूळ घेऊन माझ्याकडे बघत होत्या. आई म्हणाली, "हिला नसणार. आमच्यात पुरुषांना असतं."

हेच वाक्य मी चार दिवसांनी डॉक्टरांसमोर म्हटलं. तोवर घरी, दवाखान्यात, सकाळी, संध्याकाळी मोजून झालं होतं आणि शंकेला जागा नव्हती. डॉक्टर हिंदीतून म्हणाले, "मॅडम, ये तो पुरुषों की बात हुई. घर की औरतें कैसे गईं?" मी म्हटलं, बायका अशाच गेल्या, म्हातारपणाने. त्यांनी गोळी लिहून दिली. पण मी बाहेर येऊन रिक्षात बसले आणि मला माझंच उत्तर ऐकू आलं. ऑफिसात कुणी कनिष्ठाने मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला धारेवर धरलं असतं.

मग रिक्षात बसल्या बसल्या मी आमच्या घरातली माणसं कामावर लावतात तशी लावायला घेतली. आजी. शेवटचं वर्षभर तिला आडवं झोपता येत नसे, तीन उशा लावून बसूनच रात्र काढायची, पाय सुजून टम्म. आम्ही म्हणायचो, आजीला दमा आहे. दमा नव्हता तो. थकलेलं हृदय होतं. धाकटी आत्या, पन्नाशीही गाठली नव्हती, न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि गेली. पण पडायच्या आधी तिचं तोंड वाकडं झालं होतं आणि तिला बोलता येत नव्हतं, हे तिच्या सासूने दिवसकार्याला सगळ्यांना सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि तरी 'पाय घसरला' हेच लावून धरलं. पुरुष ऑफिसच्या वाटेवर, रांगेत, चारचौघांत गेले म्हणून त्यांची गणती झाली. बायका घरात गेल्या आणि त्यांचं मरण आम्ही घरकामात धरलं.

घराण्यातल्या पुरुषांचा शाप वगैरे काही नव्हतंच. घराण्यात दाब होता. बाईपुरुष न बघता सगळ्यांना होता, आणि पिढ्यान् पिढ्या कुणी गोळी घेतली नव्हती. मला रिक्षातच रडू फुटलं. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "सब ठीक है, आंटी?" मी म्हटलं, ठीक आहे. खरंच मला हलकं वाटत होतं. शापावर माझ्याकडे काही उपाय नव्हता. दाबावर होता, आणि तो नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळत होता. पण त्याच वेळी वडिलांसाठी जीव असा कळवळला की काय सांगू. मी त्या वर्षी बरोबर त्यांच्या वयाची होते. मला गोळी मिळाली होती आणि त्यांना शिरा.

रविवारी मी मेट्रोने फरीदाबादला गेले. दादाच्या गच्चीवर ऊन होतं, वहिनी मटार सोलत होती, भाचीही आलेली होती. मी सगळ्यांना सांगितलं, मला दाब निघाला. दादा आधी हसला. "तुला? अगं, तो आपला बापलेकांचा कारभार." मग मी आजीच्या उशा सांगितल्या आणि आत्याचं वाकडं झालेलं तोंड सांगितलं. तो हसायचा थांबला. आजीच्या उशा रात्री तोच नीट करायचा.

"गोळी सुरू केलीस?" त्याने विचारलं.

"तू करतोस का?"

"माझा प्रश्न नाहीये इथे."

"मग माझाही नाही. तू घेत नाहीस, मीही घेणार नाही. जे तुझं ते माझं. एकाच घरातली आहोत."

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. भाची म्हणाली, "आत्या, हे काय? तुम्ही तर स्टॅटिस्टिक्सवाल्या आहात यार!" मी तिच्याकडे बघितलंच नाही, कारण मला हसू आलं असतं. पहिली गोळी मी डॉक्टरांच्या दारातच, बाटलीतल्या पाण्याबरोबर घेतली होती. मी हट्टी आहे, मूर्ख नाही.

दादा उठला आणि गच्चीत फेऱ्या घालायला लागला. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चांगलाच भडकला होता. "असं नाही चालणार. मी गेल्यावर आईकडे तू बघणार आहेस. हे ठरलेलं आहे."

"कुणी ठरवलं?"

"मी ठरवलं. सगळं त्याच्यावर बसवलंय. आईचं करणं मनीच्या अभ्यासाच्या आड येणार नाही, हिला एकटीला झेपणार नाही, तुझ्याकडे क्वार्टर आहे, पेन्शन आहे. तू आधी गेलीस तर आईचं काय?"

घरात भाचीला मनी म्हणतात. ती पटकन आत निघून गेली. ऐकताना मलाही कसंतरी झालं. सात वर्षं हा माणूस स्वतःला वजा करून आमचं सगळ्यांचं गणित मांडत बसला होता, आणि त्यात माझी जागा इतकी पक्की होती की मीही मरू शकते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी जरा मऊ झाले. पण जीभ माझीच.

"दादा, तुझ्या कारखान्यात दोन मशीनवर सगळं चालत असेल आणि दोन्हींत एकच बिघाड निघाला, तर तू काय करतोस? एकीची शोकसभा घेतोस आणि दुसरीला तिची कामं वाटून देतोस?"

तो गच्चीच्या कठड्यापर्यंत जाऊन परत आला. मग खुर्चीत बसला आणि मटारच्या पातेल्याकडे बघत म्हणाला, "बाबांचं मोजलं होतं तेव्हा डॉक्टरने गोळी दिली असती तर?"

हा प्रश्न त्याने आजवर कधी विचारला नव्हता. मी खोटं बोलू शकले असते. "खात्री कुणी देऊ शकत नाही," मी म्हटलं. "पण त्यांना आणखी बरीच वर्षं मिळाली असती असं मला वाटतं. आईला वाटत नाही, कारण तिला वाटून घ्यायचं नाहीये."

दादाने चष्मा काढून पुसला. वहिनी आत गेली, परत आली, आणि तिने त्याच्यासमोर गोळ्यांची पट्टी आणि पाण्याचा पेला ठेवला. त्याने गोळी बंद केल्यावरही ती घरात पट्टी ठेवत होती, जुनी तारखेबाहेर गेली की टाकून नवी आणत होती. त्याने गोळी तोंडात टाकली आणि पाणी पिऊन माझ्याकडे बोट दाखवलं. "आता तू." मी पर्समधून माझी पट्टी काढली. त्याने ती हातात घेतली, तिच्यातली रिकामी घरं बघितली, आणि मला जी शिवी दिली ती आईच्या कानावर आजवर गेलेली नाही.

त्यानंतर रोज सकाळी त्याचा फोन येऊ लागला. "घेतली?" "घेतली. तू?" "घेतली." एवढंच बोलणं. सगळं सुरळीत झालं असंही नाही. दोन महिन्यांनी त्याचे पाय घोट्याशी सुजले आणि तो घाबरला, "बघ, आजीसारखे." गोळी बंद करतो म्हणाला. मी त्याच दुपारी सुट्टी टाकून त्याला डॉक्टरांकडे नेलं. सूज त्या विशिष्ट गोळीची होती. डॉक्टरांनी दुसरी दिली आणि सूज उतरली. मीठ कमी करण्यावरून घरात वहिनीशी रोजची चकमक झाली आणि लोणच्याच्या बरणीपुढे त्याने जी काही भाषणं केली ती सगळी मला फोनवर ऐकावी लागली. पण दाब उतरला आणि उतरलेला राहिला. आणि मुख्य म्हणजे, उतरल्यावरही त्याने गोळी सोडली नाही.

सत्तावन्न पूर्ण झाली त्या दिवशीही सकाळी फोन वाजला. त्याने विचारलं, "घेतली?" मी म्हटलं, "घेतली." मग त्याने जरा थांबून सांगितलं, "काकांना मागे टाकलं गं." आवाज बारीक झाला होता. काकांना मागे टाकल्याचं त्याला वाईटही वाटत होतं. त्या आठवड्यात त्याने इन्व्हर्टरची नवी बॅटरी घेतली, पाच वर्षांच्या वॉरंटीची, आणि वॉरंटीची मुदत मला दोनदा वाचून दाखवली.

आमच्या ऑफिसातल्या रेघेत त्याने काहीच फरक पडत नाही. एक माणूस गेला नाही, तर त्या रेघेला त्याचा पत्ता लागत नाही. देशाची रेघ वाकायला अजून पुष्कळ घरांतून पुष्कळ फोन व्हावे लागतील. पण हल्ली आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात सकाळी गेलं तर दाबाच्या गोळ्यांची रांग दिसते. भाजीवाल्या, क्लार्क, स्वेटर घातलेले म्हातारे, मोबाईलवर बोलणारी तरुण पोरं. उगीचच कुरकुरत, एकमेकांना धक्के देत उभी असतात. मला ती रांग फार आवडते. आमच्या ब्लॉकचं हळदीकुंकू आता त्या वाणावरूनच ओळखतात, आणि गेल्या वर्षीपासून बायका नवऱ्यांनाही घेऊन येतात. त्यांना कुंकू लावत नाहीत, पट्टा लावतात.

या वर्षी दादाला साठ पूर्ण झाली. वहिनीने साठीशांत करायचं काढलं आणि तिथे आमचं अडलं. शांत कशी करतात, कुणाला काय लागतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात ती कुणाची झालीच नव्हती. आईला विचारलं तर ती म्हणाली, "माहेरी बघितलीये. सासरी नाही." शेवटी ओळखीतून गुरुजी मिळाले, त्यांनी सामान सांगितलं, आणि फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये पूजा झाली. मनीने परातीत साठ कणकेचे दिवे मांडले. तिला फोटो काढायचे होते म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. आम्ही सगळे घामाघूम.

औक्षणाची वेळ आली तेव्हा गुरुजी म्हणाले, आता सुवासिनींनी पुढे यावं. दादा पाटावर बसला होता, तो म्हणाला, "आधी आई." गुरुजी क्षणभर घुटमळले, मग म्हणाले, "ठीक आहे, या आजी." मी आईला हाताला धरून पुढे आणलं. त्र्याऐंशी वर्षांची, वाकलेली. तिने निरांजनाचं तबक हातात घेतलं, ओवाळायला उचललं, आणि तशीच थांबली. दिव्यांचा उजेड दादाच्या तोंडावर पडला होता. केस पार पांढरे झालेत त्याचे. गाल उतरलेत, कानांवर केस आलेत, भुवया झुपकेदार झाल्यात. आई त्याच्याकडे बघत राहिली. बराच वेळ झाला तेव्हा वहिनीला वाटलं, तिला पुढचं आठवत नाहीये. ती हळूच म्हणाली, "आई, ओवाळा."

"थांब गं जरा," आई म्हणाली. "हे म्हातारे झाले असते तर कसे दिसले असते, ते बघतेय."

दादाची मान खाली गेली. आईने तबक एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताने हनुवटी धरून ती पुन्हा वर केली.